१५ ऑक्टोबर : फळ्यावर कोणता दिवस लिहू?

वाचनालय_कट्टा (६ ऑक्टोबर, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. बेळगावच्या पश्चिमेकडल्या एका गावात छोटं मराठी वाचनालय आहे, ते मी सांभाळतो. दोन कपाटं, एक लांब बाकडं, वर्तमानपत्रं आणि दारात एक काळा फळा. त्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहायचा शिरस्ता माझ्या आधीच्या गुरुजींपासून चालत आलाय.

गेल्या वर्षी १५ ऑक्टोबरला मी मोठ्या अक्षरांत ‘वाचन प्रेरणा दिन’ लिहिलं. थोड्या वेळानं गल्लीतल्या एक आजी गवताचा भारा डोक्यावर घेऊन नातीबरोबर चालल्या होत्या. फळ्यापाशी थांबल्या. नातीला विचारलं, ‘‘आज कुणाचा दिवस म्हणून लिवलंय गं?’’ ती म्हणाली, ‘‘पुस्तकांचा.’’ आजी ‘‘बरं’’ म्हणाल्या आणि पुढं गेल्या. त्याच रात्री वाचताना मला कळलं की १५ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ग्रामीण महिला दिनही आहे. दिवस त्यांचा होता आणि माझ्या फळ्यावर तो नव्हता. वर्षभर हे मनातून गेलेलं नाही.

म्हणून यंदा आधीच शोधलं. जागतिक हात धुण्याचा दिवस, दृष्टिहीनांच्या पांढऱ्या काठीचा दिवस, विद्यार्थी दिन, पोटातच किंवा जन्मल्यावर लगेच गेलेल्या बाळांच्या स्मरणाचा दिवस, सगळे त्याच तारखेला. कवी नारायण सुर्वे यांचा जन्मही १५ ऑक्टोबर १९२६ चाच. फळा तीन फूट बाय दोन फूट. काय लिहू? आणि नुसतं लिहून सोडायचं की संध्याकाळी काही करायचं? दसऱ्याच्या सुट्टीमुळं शाळा बंद आहेत, त्यामुळं जे काही व्हायचं ते वाचनालयातच.

शिनोळी_पलीकडून (६ ऑक्टोबर, रात्री १०.०२)

मी चंदगड तालुक्यात शिकवतो. तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण शाळा महाराष्ट्राची. आमच्याकडं वाचन प्रेरणा दिन २०१५ पासून सरकारी पातळीवर साजरा होतो. डॉ. अब्दुल कलाम २७ जुलै २०१५ ला शिलाँगमध्ये व्याख्यान देता देता कोसळले आणि गेले. त्यांचा जन्म रामेश्वरमचा, १५ ऑक्टोबर १९३१ चा. त्याच वर्षापासून त्यांची जयंती महाराष्ट्रानं वाचनासाठी ठेवली.

मुलांना मी त्यांच्या लहानपणाची एकच गोष्ट सांगतो. महायुद्धाच्या काळात रामेश्वरमच्या स्टेशनवर गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे चालत्या गाडीतून खाली टाकत. ते उचलून गावात वाटायला मदत करणारा मुलगा म्हणजे कलाम. आधी कागद वाटला, मग वाचला.

सुट्टीचा मुद्दा तुम्ही बरोबर काढलात. आमची मोठी सुट्टी दिवाळीला, तुमची दसऱ्याला. म्हणून त्या दिवशी आमची मुलं वर्गात पुस्तक उघडून बसतात आणि पाच-सहा किलोमीटरवरची तुमची मुलं, तीच भाषा बोलणारी, क्रिकेट खेळत असतात. यात कुणाचा दोष नाही, पण या दिवसाची सवय सीमेपलीकडं पोचत नाही ती यामुळं.

अनुभवाचं सांगतो, भाषणं ठेवू नका. आमच्याकडं सहावीची मुलं पहिलीच्या मुलांना वाचून दाखवतात. ज्या पुस्तकातलं मोठ्यानं वाचलं जातं, ते पुढच्या आठवड्यात कपाटात राहत नाही.

टिळकवाडी_दुसरं_गेट (६ ऑक्टोबर, रात्री १०.४०)

एक दुरुस्ती. ‘जागतिक विद्यार्थी दिन संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये घोषित केला’ असं दरवर्षी फिरत असतं. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय दिनांच्या यादीत तो नाही. कलामांच्या प्रेमापोटी लोक तो पाळतात, जरूर पाळावा, पण फळ्यावर ‘संयुक्त राष्ट्रे’ लिहू नका. वाचनालयाच्या फळ्यावरचं लेकरं खरं मानतात.

ग्रामीण महिला दिनाची गोष्ट वेगळी. तो खरोखर त्या यादीत आहे.

येळ्ळूरची_सून (७ ऑक्टोबर, दुपारी २.२५)

कालपासून हा धागा वाचूलाले, आता हाताला जरा उसंत मिळाली.

दादा, त्या आजींची गोष्ट वाचून गप्प बसवलं नाही. या दिवसामागचं मी बचत गटाच्या एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, तेव्हा टिपून ठेवलेलं सांगते. १९९५ मध्ये बीजिंगला जागतिक महिला परिषद झाली, तिथं ही कल्पना निघाली. तारीख मुद्दाम १५ ऑक्टोबर धरली, कारण १६ ऑक्टोबर हा जागतिक अन्न दिन. १९४५ मध्ये त्या तारखेला अन्न व कृषी संघटना स्थापन झाली. आधी अन्न पिकवणारीचा दिवस, मग अन्नाचा. संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर २००७ ला ठराव केला आणि २००८ पासून तो पाळला जातो. आपल्या देशातही २०१७ पासून हीच तारीख राष्ट्रीय महिला किसान दिन म्हणून आहे.

आता आमच्या शिवारातलं सांगते. पेरणीला तिफणीमागं बाई, लावणीला चिखलात बाई, भांगलणीला तर बाईच. भाताच्या ओळीत वाकून पाच-सहा महिने काढायचे. आत्ता ऑक्टोबरात बासमतीची लोंबी भरत आलीय. तुमच्या पश्चिम भागात रताळी काढणी चालू असेल. कुदळ गडी मारतो. माती झाडणं, निवडणं, पोत्यात भरणं बायकांकडं. पहाटे माळव्याची बुट्टी घेऊन बेळगावच्या बाजारात बसायचं, दहाच्या आत विकून परत यायचं, मग पुन्हा शेत. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसला तिकीट लागत नाही, त्याचा मोठा आधार झालाय. माझ्या सासूबाई आता बुट्टी घेऊन आठवड्यातून दोनदा जास्त जातात.

पण उताऱ्यावर नाव कुणाचं? आमच्या गल्लीत मी एकदा सहज विचारत फिरले. ज्यांच्या नावावर जमीन आहे अशा बहुतेक बायका विधवा निघाल्या. नवरा गेल्यावर नाव लागलं. कर्नाटकात १९९४ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क आहे, तेव्हा काही अटी होत्या. देशभर तो २००५ मध्ये आला. कायदा येऊन इतकी वर्षं झाली तरी भाऊबीजेच्या आधी हक्कसोडीवर सही घेणारे भाऊ मी पाहिलेत. माझ्या माहेरीही तेच झालं. मी सही केली. नको म्हणायचं धाडस झालं नाही, आणि ते मला अजून डाचतं.

तर माझं म्हणणं एवढंच. फळ्यावर ‘ग्रामीण महिला दिन’ लिहून थांबू नका. तुमच्या गल्लीतल्या शेतकरी बायकांची नावं लिहा. ‘अमक्याची बायको’ असं नको, तिचं स्वतःचं नाव, आणि पुढं ‘शेतकरी’. गावात बाईचं नाव लिहिलेलं कुठं दिसतं? भांड्यावर. आणि ते भांडंही माहेरहून आलेलं.

सांबरा_रोड (७ ऑक्टोबर, दुपारी ३.०५)

अक्का, भांड्यावरचं नाव वाचून आईची कळशी आठवली.

कार्यक्रम सातच्या आत ठेवू नका. डेअरीला दूध घालून, जनावरांना वैरण टाकून बाई मोकळी होते तेव्हा सात वाजतात. चारचा कार्यक्रम म्हणजे बाप्यांचा कार्यक्रम.

आशा_खानापूर (७ ऑक्टोबर, रात्री ९.४८)

सात ही वेळ वाचली आणि लिहायला बसले.

मी खानापूर भागात आशा कार्यकर्ती आहे. बाळांच्या स्मरणाचा जो दिवस दादांनी शेवटी लिहिलाय, त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. मला ठाऊक आहे का ते. आपल्याकडं त्याबद्दल कुणी बोलतच नाही. अमेरिकेत १९८८ मध्ये ऑक्टोबर महिना अशा बाळांच्या आठवणीसाठी जाहीर झाला, पुढं १५ तारीख ठरली. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, ज्याच्या त्याच्या देशातल्या घड्याळाप्रमाणं, तासभर मेणबत्ती लावून ठेवतात. एका देशातली विझते तोवर पुढच्या देशात सात वाजतात.

घरोघरी नोंदी घेताना मी विचारते, ‘‘किती मुलं?’’ बाई म्हणते, ‘‘दोन.’’ चहा होतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि उठताना दारात हळूच म्हणते, ‘‘तसं एक आधीचं होतं.’’ त्याचं बारसं नाही, फोटो नाही, दिवस घातलेले नाहीत. माझ्या वहीत त्याला रकाना आहे, घरात कुठंच जागा नाही.

हात धुण्याचा दिवसही माझ्यासाठी त्याला जोडूनच येतो. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या एका इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. तिथं बाळंतिणींचे दोन विभाग. एक सुईणींचा, एक डॉक्टर-विद्यार्थ्यांचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वरानं कितीतरी जास्त बायका मरायच्या. त्यांनी कारण शोधलं. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडं यायचे. त्यांनी सगळ्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. त्या एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बायका दगावल्या होत्या, जूनमध्ये दोनच. तरी मोठ्या डॉक्टरांनी त्यांचं ऐकलं नाही. आपल्या हातांनी मरण नेलं हे कबूल करणं त्यांना जड गेलं.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी मी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. दारात गेल्यावर पहिलं काम म्हणजे साबण-पाणी मागून हात धुणं, मग बाळाला हात लावणं. पहिल्या वर्षी सासवांना राग यायचा, ‘‘आमच्या घरात घाण आहे काय?’’ आता आमची चाहूल लागली की त्याच तांब्या भरून दारात उभ्या असतात.

जमलं तर सात वाजता एक पणती लावा. भाषण नको. नाव घ्यायलाही कुणाला सांगू नका.

नेहमीचा_वाचक (८ ऑक्टोबर, सकाळी ८.१५)

ताई, तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून एक शंका मांडतो. हात धुण्याचा दिवस २००८ मध्ये ज्या भागीदारीनं सुरू केला, तिच्यात साबण बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या होत्या. असे दिवस माल खपवण्यासाठी निघतात आणि आपण फुकटात फळे रंगवतो. वाचनालयानं वाचनाला धरून राहावं. एका तारखेला सहा दिवस लावले की एकाचंही धड होत नाही.

आशा_खानापूर (८ ऑक्टोबर, दुपारी १.३०)

काका, कंपन्या होत्या हे खरं आहे. त्यांचं नाव फळ्यावर यायचं कारण नाही. पण साबणानं हात धुतले तर हगवण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते, असं कितीतरी अभ्यास एकत्र तपासून निघालंय. साबण कुठलाही चालतो, स्वस्तातली वडीही. त्याचा रेणू एका टोकानं तेलकटपणाला धरतो, दुसऱ्या टोकानं पाण्याला, आणि चोळलं की जंतूसकट मळ सुटून जातो. नुसत्या पाण्यानं तो सुटत नाही. हे मुलांना कळायला साबण विकत घ्यायला लावावा लागत नाही, हळद-तेल लावलेले दोन हात पुरतात. एक नुसत्या पाण्यानं धुवा, एक साबणानं. करून बघा.

‘वाचनालयानं वाचनाला धरून राहावं’ हे मात्र पटलं. मग त्या विषयावरचं वाचूनच दाखवू या.

शहापूरचा_माग (८ ऑक्टोबर, रात्री १०.२०)

पांढऱ्या काठीकडं कुणी वळलं नाही, म्हणून मी लिहितो.

आमचं घर विणकरांचं. थोरल्या भावाची नजर मधुमेहानं गेली, पन्नाशीच्या आतच. अजून तो मागावर बसतो. सूत तुटलं तर आवाजावरून ओळखतो, बोटानं गाठ मारतो. पण घराबाहेर पडायला दोन वर्षं तयार नव्हता. काठी घेतली की ‘आंधळा’ म्हणतील ही लाज.

पांढरी काठी कशी आली ते त्याला वाचून दाखवलं, त्यानंतर त्याचं मन थोडं वळलं. १९२१ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात जेम्स बिग्ज नावाच्या छायाचित्रकाराची दृष्टी गेली. घराभोवती गाड्यांची वर्दळ, म्हणून लोकांना दिसावी यासाठी त्यानं आपली काठी पांढरी रंगवली. पुढं दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांना शिकवताना अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी लांब काठीची पद्धत बसवली. काठी छातीपर्यंत उंच हवी. उजवा पाय पुढं टाकताना टोक डावीकडं, डावा टाकताना उजवीकडं. म्हणजे पुढचं पाऊल जिथं पडणार ती जागा काठीनं आधीच तपासलेली असते. अमेरिकेत १९६४ पासून १५ ऑक्टोबर हा तिचा दिवस.

भाऊ आता कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत एकटा जातो. वाटेत एके ठिकाणी गटारीवरची फरशी गेलेली आहे आणि दारादारात दुचाक्या आडव्या लावलेल्या असतात. काठी खालचा खड्डा सांगते, पण छातीशी येणारं हँडल सांगत नाही. फळ्यावर जागा उरली तर एवढं लिहा : गाडी भिंतीला चिकटून लावा.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आपल्या भागासाठी ती मोठी आहे असं मला वाटतं. भाऊ ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावाच्या ठिपक्यांची लिपी, शिकतोय. शिकवणाऱ्या बाई कन्नड, आम्ही मराठी. मी विचारलं, ‘‘हा कन्नड शिकणार की मराठी?’’ त्या हसल्या. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल ठरली, भारती ब्रेल. आवाज तोच असेल तर ठिपके तेच. क म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका. म म्हणजे पहिला, तिसरा, चौथा. ल म्हणजे पहिले तीन. ‘कमल’ हे नाव कन्नडात लिहा की मराठीत, बोटाखाली तेच अक्षर. आपल्याकडं पाटीवर वरची ओळ कोणती आणि खालची कोणती यावरून किती वर्षं डोकी फुटली. माझ्या भावाच्या बोटांना दोन लिप्या आहेत हे कळतच नाही.

टिळकवाडी_दुसरं_गेट (८ ऑक्टोबर, रात्री १०.५५)

इतकी वर्षं बेळगावात राहून हे ठाऊक नव्हतं. भावाला माझा नमस्कार सांगा.

इतिहास_शिकवलेला (९ ऑक्टोबर, सकाळी ७.४०)

निवृत्त शिक्षक आहे, या तारखेबद्दल एक भर घालतो. आपण वापरतो त्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेची पहिली तारीख १५ ऑक्टोबर आहे. जुन्या रोमन दिनदर्शिकेत वर्ष सुमारे ११ मिनिटांनी मोठं धरलेलं होतं. शतकानुशतकं ती मिनिटं साचली आणि वसंत संपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र समान असलेला दिवस, दहा दिवस अलीकडं सरकला. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दहा तारखा गाळल्या. इटली, स्पेन, पोर्तुगालमध्ये लोक गुरुवारी ४ ऑक्टोबरला झोपले आणि शुक्रवारी १५ ऑक्टोबरला उठले. इंग्लंडनं हा बदल १७५२ मध्ये केला. स्पेनमधल्या संत तेरेसा, स्वतः मोठ्या लेखिका, नेमक्या त्याच रात्री वारल्या. म्हणून त्यांचा सण १५ ला येतो.

नेहमीचे वाचक यांच्या शंकेवर माझं मत : दिवस सहा असले तरी माणसं तीच आहेत. भांगलणारी आजी, तिची नात, दारात तांब्या घेऊन उभी राहणारी सासू, देवळापर्यंत चालत जाणारा भाऊ. एकाच गल्लीत सगळी भेटतात.

वाचनालय_कट्टा (१० ऑक्टोबर, रात्री ९.००)

ठरवलं. फळ्यावर वर ‘१५ ऑक्टोबर’, खाली गल्लीतल्या शेतकरी बायकांची नावं, सर्वात खाली ‘संध्याकाळी ७, वाचन’. बाकीचं सगळं वाचनातून. शिनोळीचे सर दोन मुलांना घेऊन येतो म्हणालेत. दाराशी बादली, तांब्या आणि साबणाची वडी. शहापूरकर, भावाला आणाल का?

वाचनालय_कट्टा (१६ ऑक्टोबर, सकाळी १०.३०)

काल झालं. सव्वीस नावं लिहिली, आणखी दोन ओळी लागल्या असत्या. नावं गोळा करतानाच अर्धं काम झालं. दोन घरांत मुलांना आजीचं नाव ठाऊक नव्हतं, आजीलाच विचारावं लागलं. एकीनं माहेरचं नाव सांगितलं, मग म्हणाली, ‘‘नको, सासरचं लिव.’’ थोड्या वेळानं नातवाला पाठवून निरोप दिला, ‘‘माहेरचंच राहू दे.’’

सात वाजता बायका आल्या, सोळा-सतरा असतील. पणती लावली, कुणी काही बोललं नाही. सरांच्या विद्यार्थिनीनं सेमेलवाइसची हकिकत वाचली. बायका पुस्तकाकडं नाही, तिच्या तोंडाकडं बघत ऐकत होत्या. ‘‘त्या डॉक्टरचं पुढं काय झालं?’’ हा प्रश्न मागून आला. तो वेड्यांच्या इस्पितळात मेला हे मी सांगितलं, तेव्हा एक बाई उठून पणतीत तेल घालून आली.

गेल्या वर्षीच्या त्या आजी उशिरा आल्या. नातीनं फळ्यावरचं त्यांचं नाव बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

शहापूरच्या भावांनी जाड कागदावर ‘कमल’ टोचून आणलं होतं. गावात त्या नावाच्या दोघी आहेत. कागद त्यांच्या हातात दिला. दोघींनी डोळे मिटून बोट फिरवलं.

नेहमीचा_वाचक (१६ ऑक्टोबर, दुपारी १२.१०)

मी मागच्या बाकावर होतो. माझी हरकत मागं घेतो. जाताना एक पुस्तक नेलंय, नोंदवहीत लिहिलंय.

शहापूरचा_माग (१६ ऑक्टोबर, रात्री ९.३५)

भाऊ म्हणतो, दर शनिवारी दुपारी येऊन मुलांना ठिपके शिकवतो. ब्रेलची पाटी आणि टोचणी त्याच्याकडं आहे, जाड कागद मी आणतो. पण मागावरची ऑर्डर आहे, दर वेळी मला सोबत येता येणार नाही. एकटा येईन म्हणतोय. कुठली बस घ्यायची ते सांगा, आणि पहिल्या दिवशी थांब्यावर कुणीतरी थांबा.

वाचनालय_कट्टा (१६ ऑक्टोबर, रात्री ९.४१)

मी थांबतो.